छोट्या लाईनीचा जुना डबा दुरुस्त करायचाय? रंगाला सगळ्यात शेवटी हात लावा

विदर्भातल्या छोट्या लाईनी (म्हणजे अरुंद रुळांच्या, नॅरोगेजच्या) एकेक करून बंद पडल्या, काहींचं ब्रॉडगेज झालं. त्यांचे डबे आणि वाघिणी (मालाचे डबे) मात्र सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. एखादा डबा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभा असतो, एखादी वाघीण कापसाच्या जिनिंगच्या आवारात बाभळीखाली सापडते. आमच्या गटाकडे असाच एक लाकडी अंगाचा प्रवासी डबा आणि एक चारचाकी मालवाघीण आहे. दोन्ही जिनिंगच्या आवारात उभ्या असतात. दर हिवाळ्यात नवी मुलं हौसेनं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रंग कोणता मारायचा?" आमचे वयस्क फिटर काका, ज्यांचं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलं, त्यांचं उत्तरही ठरलेलं: "काहून घाई करतं बाबू? रंग कुठी पळून चालला काय? आंधी खालून पाह्य."

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. डबा पाहण्यासाठी उभा करायचा आहे, रुळावर माणसं बसवून चालवायचा नाही, असं इथे धरलं आहे. चालवायचा झाला तर चाकं, ॲक्सल आणि ब्रेकची तपासणी रेल्वेच्या अधिकृत माणसांनीच करायची असते. ते हौशी लोकांचं काम नाही.

१. डबा कोणाचा, हे आधी कागदावर पाहा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण चुकली तर पुढचं सगळं वाया.

विदर्भात मालकीचा गुंता जरा जास्तच आहे. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या शकुंतला नावाच्या लाईनीचंच बघा. लाईन बांधली किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली आणि गाड्या चालवल्या सरकारी रेल्वेनं. म्हणजे रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. तेव्हा "बंद लाईनीवरचं आहे, कोणाचंच नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

मुख्य सापळा इथेच आहे. बंद लाईनीच्या कडेला झुडपात कपलिंगचा हुक, रुळाखालच्या स्लीपरची चावी, डब्याची ओतीव पाटी असं काहीबाही पडलेलं दिसतं. हात शिवशिवतात. उचलू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध 1966 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि "आम्ही जतन करायला नेत होतो" हे तिथे फारसं कामाला येत नाही. वस्तू दिसली तर जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि रेल्वेला लेखी कळवा.

डबा विकत घ्यायचा असेल तर रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या पोर्टलवर ई-लिलावात निघतं. माल "आहे तसा, आहे तिथे" या अटीवर मिळतो. नेण्याची सोय आपली, ट्रेलर आपला, क्रेन आपली. भंगारवाल्याकडून घेत असाल तर त्याच्याकडचे लिलावाचे कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

फाइलमध्ये एवढे कागद असावेत:

- लिलावाचा विक्री आदेश, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेट पास. भंगारवाल्याकडून घेतला असेल तर त्याची पावती आणि या तिन्ही कागदांच्या प्रती
- रेल्वेचा डबा रेल्वेच्याच जागेवर दुरुस्त करत असाल तर विभागीय कार्यालयाचं लेखी परवानगीपत्र, त्यात काय करायचं आणि काय नाही हे स्पष्ट लिहिलेलं
- वाहतुकीचं ई-वे बिल, ट्रेलरचे कागद
- ज्या जागेवर डबा उभा राहणार तिचा सातबारा किंवा मालकाचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- गटाची नोंदणी: विश्वस्त संस्था किंवा सोसायटी. देणगी घ्यायची असेल तर हे लागतंच
- सागवान घेतल्याची डेपोची पावती आणि वनविभागाचा वाहतूक परवाना (याबद्दल पुढे)

तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका. साहेब चांगले असतात, पण बदलून जातात.

२. एकदा मोतीबागला जाऊन या

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे. 2002 च्या डिसेंबरात ते सुरू झालं. नागपूर–छिंदवाडा, नागपूर–नागभीड, गोंदियाकडच्या लाईनी या बंगाल नागपूर रेल्वेच्या (बीएनआर) गोतावळ्यातल्या, आणि त्यांचा दुरुस्ती कारखाना मोतीबागेतच. आपल्या डब्यात जे भाग गायब आहेत ते तिथे जागेवर लावलेले पाहायला मिळतात. खिडकीची झडप कशी सरकते, बाकाच्या फळ्यांमध्ये किती फट ठेवली आहे, पायरीचं लोखंड कसं वळवलं आहे, हे फोटोवरून कळत नाही. मीटर-टेप, वही आणि परवानगी तिन्ही सोबत ठेवा.

एक लक्षात असू द्या. शकुंतला आणि सातपुड्याकडच्या लाईनी दोन्ही 762 मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटी. पण घराणी वेगळी: इकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) आणि पुढे मध्य रेल्वे, तिकडे बीएनआर आणि पुढे दक्षिण पूर्व. रुंदी सारखी म्हणून तिथलं माप इथे जसंच्या तसं बसेल असं नाही. शकुंतलेवर 1921 साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं, हे सगळे अभिमानानं सांगतात. त्याच्या मागे कोणते डबे होते हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. त्या लाईनीवर काम केलेली जुनी माणसं गावात असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. चहा प्या, ऐका, लिहून घ्या.

३. काढण्याआधी लिहा

एकही स्क्रू फिरवण्याआधी डब्याची पूर्ण नोंद करायची. चारी बाजू, छत, पोट आणि आतून फोटो, प्रत्येक फोटोत पट्टी ठेवून. बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा), सोलबार (म्हणजे डब्याच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई), हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई), ॲक्सलबॉक्स (ॲक्सलच्या टोकावरची बेअरिंगची पेटी) यांवर ठोकलेले अंक आणि अक्षरं खडू घासून वाचा. रंगानं लिहिलेलं टेअर (म्हणजे रिकाम्या डब्याचं) वजन, पीओएचची (ठरावीक काळानं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख आणि डब्याचा नंबर पुसट झाला असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. दुपारी जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं.

टेअरचा आकडा सापडला तर पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे जॅक किती टनाचा लागेल, क्रेन कोणती बोलवायची, हे त्यावरच ठरतं.

प्रत्येक भागाला पत्र्याची छोटी पाटी तारेनं बांधा. कागदी चिठ्ठी बांधली तर पहिल्या पावसात शाई जाते आणि उरलेलं उंदीर खातात. पाटीवर खिळ्यानं नंबर ठोका आणि तोच नंबर वहीत आणि फोटोत टाका. "डाव्या बाजूची तिसरी झडप" असं लिहू नका. डावी कोणाकडून? एका टोकाला "मूर्तिजापूर टोक", दुसऱ्याला "यवतमाळ टोक" असं नाव द्या, वाद मिटतो.

४. रंगाचे थर वाचा

रंग काढायचा असेलच, पण त्याच्या आधी एक काम. पत्र्याच्या किंवा छताच्या आडोशाला, जिथे ऊन-पाऊस कमी लागला, अशी रुपयाएवढी जागा निवडा. ओल्या बारीक पॉलिश पेपरनं मधून गोल गोल घासत बाहेर या. मधे उघडं लाकूड किंवा लोखंड दिसेल आणि भोवती एकेका थराची कडी. वरून निळा, खाली तपकिरी, त्याखाली एखादा गडद लाल, सगळ्यात खाली शेंदरी अस्तर, असं काहीतरी. भिंग लावून पाहा, प्रत्येक कडी मोजा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. अशा चार-पाच जागा करा, कारण दाराचा पल्ला बदललेला असतो आणि त्याच्यावर जुने थर नसतातच. एक जागा कायमची तशीच ठेवा, त्यावर नुसतं वॉर्निश मारा. पुढे कोणाला शंका आली तर डबाच साक्ष देईल.

आता धोक्याची गोष्ट. जुन्या रंगात शिसं असतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 पासून लागू झाली, यावरून आधीच्या रंगांचं काय ते ओळखा. सांध्यांत भरलेला शेंदरी लेप तर शिशाचाच असतो. म्हणून:

कोरडं घासू नका, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून रंग उडवू नका, ब्लोलॅम्पनं जाळू तर मुळीच नका. पाणी मारून घासा किंवा पत्र्यानं खरवडा. खाली ताडपत्री अंथरा, पडलेला चुरा गोणीत बांधून वेगळा ठेवा, शेतात किंवा उकिरड्यावर फेकू नका. तोंडाला रुमाल पुरत नाही, धूळ गाळणारा चांगला मास्क हवा. जेवायच्या आधी हात-तोंड साबणानं धुवा आणि कामाचे कपडे घरी लेकराबाळांत नेऊ नका. शाळेची मुलं श्रमदानाला आणायची असतील तर त्यांना या पायरीपासून लांब ठेवा; नोंदी आणि पाट्यांचं काम द्या.

५. खालून वर: जमीन, उचल, लोखंड

आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसते स्लीपर टाकून उभा केलेला डबा दोन वर्षांत वाकडा होतो, मग दारं अडकतात, आणि लोक दारं तासत बसतात. दार अडकलं की आधी लेव्हल लावून डबा पाहा. जमेल तर रुळाखाली माती काढून मुरूम आणि गिट्टी भरा, पाणी बाजूला जाईल असा उतार द्या.

उचलण्याचं काम पावसाळ्यात करूच नका. बाकीच्या दिवसांतही नियम एकच: जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नसतो. एका टोकाची चाकं दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून बांधा. हातब्रेकवर विसंबू नका. डोळ्याला न दिसणाऱ्या उतारावरसुद्धा गाडी सरकते. दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, थोडं थोडं उचला. प्रत्येक बोटभर उचलीमागे खाली लाकडी ठोकळ्यांची उभी-आडवी चळत वाढवत न्या. छोट्या लाईनीचा डबा रुळापेक्षा कितीतरी रुंद असतो, त्यामुळे एक बाजू जास्त उचलली की तो कलंडायला वेळ लागत नाही. जॅकखाली जाड स्लीपर, त्यावर लोखंडी पाटा. जॅक लावायची जागा हेडस्टॉकजवळची लोखंडी चौकट; लाकडी खालची पट्टी कधीच नाही. आणि अशा वेळी डब्याखाली कोणी जायचं नाही, "फक्त बघतो" म्हणणाऱ्यानंसुद्धा नाही.

मग हातोडी घेऊन पोटाखालच्या एकेका भागावर ठोका. धड लोखंड टणकन वाजतं, भेगाळलेलं किंवा आतून गंजून पापुद्रे सुटलेलं बद्द वाजतं. लॅमिनेटेड स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये गंज फुगून पट्ट्या एकमेकींना ढकलत असतात. त्या नीट बघा.

ॲक्सलबॉक्सची झाकणं सावकाश उघडा. आत विंचू निघतो, हा विनोद नाही. जुन्या बॉक्समध्ये तेलात भिजवलेली सूत-चिंध्यांची गादी असते. ती वाळून दगड झालेली असते आणि खाली पाणी साचलेलं असतं. पाणी काढा, गादी काढून टाका, आतला पितळी बेअरिंगचा तुकडा आणि त्यावरचं पांढऱ्या धातूचं अस्तर जागेवर आहे का पाहा. भंगारच्या आवारात उभ्या राहिलेल्या डब्यांतून पितळ आधीच गेलेलं असतं. उभ्या डब्याला ग्रीस भरून झाकण बंद केलं तरी चालतं.

गंज काढला की त्याच दिवशी प्रायमर. "उद्या मारू" म्हटलं की रात्रीच्या दवानं पुन्हा तांबूस थर येतो. रिव्हेट जिथे धड आहेत तिथे राहू द्या. गेलेल्या जागी वेल्डिंगचा थिगळ लावू नका. गरम रिव्हेट ठोकणारा माणूस मिळत नसेल तर गोल डोक्याचा बोल्ट घाला आणि वहीत लिहा की हा आपण घातला.

जिनिंगच्या आवारात काम करणाऱ्यांनी एक पथ्य कडक पाळायचं: हंगामात ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद. रुईचा पिंजा वाऱ्यानं कुठेही जाऊन बसतो, ठिणगीला तेवढं पुरतं.

६. नट-बोल्ट: मेट्रिक पाना लावू नका

जुन्या गाड्यांवर व्हिटवर्थ आटे असतात, इंची मापाचे. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचाला बारा आटे. आपल्या दुकानातला एम-12 बोल्ट जाडीला जवळपास तेवढाच दिसतो, दोन-तीन आटे फिरतोही, आणि मग अडतो. नवा मुलगा पाइप घालून जोर लावतो. जुना नट गेला, जो पुन्हा मिळणार नाही. दुकानदार "चालते भाऊ" म्हणाला तरी मुळातला नट खिशात घेऊन जा आणि तिथेच फिरवून पाहा. इंची पाने जुन्या मोटार मेकॅनिककडे किंवा भंगार बाजारात अजून सापडतात. मिळाले तर पूर्ण संच घ्या.

अडकलेला नट असा काढा: तारेच्या हातब्रशनं आटे साफ, डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा, रात्रभर थांबा, हातोडीनं नटाच्या बाजूंवर टकटक करा. आधी किंचित आवळा, मग सोडवा. लाकडातल्या खाचेच्या स्क्रूलाही हेच. खाचेतला रंग हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं कोरून काढा, पेचकस खाचेत अगदी घट्ट बसणारा घ्या. गरज पडली तर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर धरा. पितळी स्क्रू परत बसवताना भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करा, मग पितळीला साबण लावून घाला. नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

७. लाकूड: कोपऱ्यापासून सुरुवात

लाकडी अंगाच्या डब्यात सगळ्यात आधी कुठे कुजतं? उभा खांब खालच्या आडव्या पट्टीत जिथे शिरतो तिथे. खिडकीच्या फटीतून आलेलं पाणी पत्र्याच्या मागून खाली उतरतं आणि त्या खाचेत साचतं. बाहेरून रंग चकचकीत, पत्रा सरळ. मोच्याची आरी घ्या, पत्र्याच्या खालच्या कडेशी लाकडात टोचा. धड सागवानात टोक जेमतेम रुततं आणि काढताना लाकूड ते धरून ठेवतं. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं, आणि बाहेर येताना टोकाला चॉकलेटी चुरा आणि ओलसर वास. मे महिन्यातही ओल लागली तर समजा वरून कुठेतरी पाणी येतंय. आधी छत, मग हा कोपरा.

एक खांब कुजला म्हणून पूर्ण बाजू उघडू नका. पत्रा खालून सैल करा, कुजलेलं धड लाकूड लागेपर्यंत कापा आणि तिरपा लांब जोड घाला. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या सहा ते आठ पट तरी हवी. पट्टीतलं कुसू (खाचेत शिरणारं टोक) नवं करून जुन्या खाचेत बसवा. जेवढं मूळ लाकूड वाचेल तेवढं वाचवा. सगळंच नवं घातलं तर तो डबा कारखान्यात बनलेला राहत नाही, आपल्या सुताराचा होतो.

सागवानाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. आलापल्ली-बल्लारशाहचं सागवान देशभर जातं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांनाही चंद्रपूरकडचं लाकूड गेलं. डेपोतून घेतलं तर पावती आणि वाहतूक परवाना गाडीत हवा, आणि आरागिरणीवरही तो दाखवावा लागतो. "गावातल्या माणसाकडचं आहे, स्वस्तात देतो" या वाटेला जाऊ नका. पडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर उत्तम: पन्नास-साठ वर्षं मुरलेलं लाकूड फारसं हलत नाही. विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या, आणि कापण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर आरागिरणीवाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

गाभ्याचंच लाकूड घ्या. कडेची पांढरी पट्टी सागाचीच असली तरी उधई ती आवडीनं खाते. उधई चाकावरून आणि ठोकळ्यांवरून मातीच्या नळ्या करत वर चढते. डब्याखाली वाकून सगळीकडे नजर जाईल एवढी जागा मोकळी ठेवा आणि नळी दिसली की नुसती पुसू नका, कुठून निघाली ते शोधा.

ऋतूचं गणित सुताराशी बोलून घ्या. मे महिन्यात 45 अंशांत घट्ट बसवलेली झडप जुलैत फुगून उघडत नाही. श्रावणात घट्ट बसवलेली फळी पुढच्या उन्हाळ्यात फट दाखवते. उन्हाळ्यात बसवताना मोकळीक ठेवा, पावसाळ्यात तेवढी ठेवायची नाही. लाकडाचं बारीक काम दिवाळी ते होळी या दिवसांत धरलं तर हा त्रास सगळ्यात कमी.

८. छत

जुन्या लाकडी छतावर फळ्या, त्यावर जाड रंगात बसवलेला कॅनव्हास आणि त्यावर पुन्हा रंगाचे थर असतात. नंतरच्या दुरुस्तीत पत्रा ठोकलेला असू शकतो. कॅनव्हास कोरड्या हवेत, मधून कडेकडे ताणत बसवा, खिळे फक्त कडेच्या पट्टीखाली.

गळतं म्हणून डांबर ओतू नका. खेड्यात हा पहिला सल्ला मिळतो. आपल्या उन्हात डांबर मऊ होतं, फळ्यांच्या फटींतून आत ठिबकतं, आणि पुढच्या माणसाला ते काढताना नाकी नऊ येतात. छतात किंवा पोटाखाली राखाडी तंतूंचं लेपन किंवा सिमेंटसारखे जुने तक्ते दिसले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. तोडू-कापू नका, ओलं करून झाकून ठेवा आणि जाणकार बोलवा.

खरं तर छताच्याही आधी टिनाचं शेड. चारी बाजूंनी उघडं, फक्त वरून झाकणारं. ताडपत्रीनं डबा घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते आणि एका पावसाळ्यात जेवढं कुजतं तेवढं उघड्यावर पाच पावसाळ्यांत कुजत नाही. पैसा कमी असेल तर तो शेडवर खर्च करा, डब्यावर नंतर.

९. आणि आता रंग

लांबी (म्हणजे पुट्टी) घरीच करता येते: खडूची बारीक भुकटी आणि जवसाचं कच्चं तेल, कणकेसारखं मळून. जवस आपल्याच शेतातला, तेलही घाण्यावरचं मिळतं. लाकडाला आधी तेलाचा पातळ हात, मग प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, अंडरकोट, एनॅमल. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

जवस तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि ठिणगीशिवाय पेट घेतात. आपल्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव वाळल्यावर ते दुपार उतरेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढला की रंगाला लगेच साय येते आणि खाली ओला राहतो. पुढे सुरकुत्या.

कोणत्या काळातला रंग? पायरी चारच्या कड्यांतून एक वर्ष निवडा आणि अक्षरं, नंबर, रंग सगळं त्याच वर्षाचं ठेवा. वरचा नंबर एका काळातला आणि अंगाचा रंग दुसऱ्या काळातला, असं कधी झालेलं नसतं. जुन्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर लावून ती आधीच उतरवून ठेवलेली असतील तर तोच कागद पेंटरला द्या. गावचा पेंटर हात चांगला असणारा माणूस असतो, पण त्याला मोकळं सोडलं तर तो नंबराला सावली देतो, कोपऱ्यात फूल काढतो आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहितो. त्याला शेजारी बसवून घ्या.

१०. हत्यारं, थोडक्यात

आमच्या पेटीत कायम असतं ते: इंची पान्यांचा संच, दोन-तीन मापांचे खाचेचे पेचकस, मोच्याची आरी, हातोडी, छिन्नी, पटाशा, रंधा, गिरमिट, गुण्या, ओळंबा, लेव्हल, तारेचा हातब्रश, पत्र्याचे खरवडे, लोहचुंबक, भिंग, टॉर्च, कच्चे-पक्के पॉलिश पेपर, मास्क, चष्मे, चामडी हातमोजे, पाण्याच्या बादल्या, वाळूच्या बादल्या, प्रथमोपचाराचा डबा. जोडीचे जॅक आम्ही भाड्यानं आणतो. ग्राइंडर ठेवतो, पण किल्ली काकांकडे असते.

कामाला बसताना आधी काठीनं आवाज करा. डब्याच्या बाकाखाली साप, छतात गांधीलमाश्यांची पोळी, आणि बंद खोलीत वटवाघळं असतात. मोहोळ दिसलं तर स्वतः धूर करू नका, माहितगार माणूस बोलवा.

११. झाल्यावर दरवर्षी काय

रंग झाला की लोक फोटो काढतात, फीत कापतात आणि विसरतात. म्हणून तारखा आधीच ठरवून भिंतीवर लावा. मृगाच्या आधी छताच्या पन्हळी साफ, ॲक्सलबॉक्सची झाकणं बंद, डब्याभोवतीचं गवत काढलेलं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आत जाऊन दारं-खिडक्या तासभर उघड्या ठेवा, कोपऱ्यांत आरी टोचा, उधईच्या नळ्या शोधा. पोळ्यानंतर रुळाची लेव्हल पाहा, जमीन हलली असेल तर दिवाळीत ठोकळे आणि पाचरी बदला. नोंदवही डब्यातच ठेवू नका. एक प्रत गटाच्या सचिवाकडे आणि एक गावच्या वाचनालयात द्या. ज्यानं काम केलं त्याचं नाव, तारीख आणि कोणता भाग नवा घातला, एवढं प्रत्येक वेळी लिहा.